मोडक्याचा बाजार भरवणारे मठपतीसाहेब

"नोकरी नाही. चहा आहे. आत या."

आमच्या गावच्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येक मुलाचं स्वागत या तीन वाक्यांनी होई. आणि ती म्हणणारा कुणी तिरसट शिपाई नव्हता, कार्यालयाचे प्रमुखच होते. गुरुलिंग मठपती त्यांचं नाव. सकाळी कचेरी उघडली की ते दारात येऊन उभे राहत. उंच, सावळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा शर्ट विजारीबाहेर सोडलेला. एसटीनं आलेला, इस्त्रीचे कपडे घातलेला एखादा पदवीधर पायरी चढू लागला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते ही बातमी सांगून टाकत. पोरगा भांबावे. मग ते त्याला आत नेत, खुर्चीवर बसवत, चहा मागवत आणि म्हणत, "कार्ड देतो तम्मा. ते द्यायलाच सरकारनं मला बसवलंय. पर आधी मला सांग, तुला येतं काय?"

मठपती उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे. 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ. पुढं आमच्या अख्ख्या तालुक्यातली पोरं एकमेकांना तम्मा म्हणू लागली, ती त्यांच्यामुळं.

या माणसाबद्दल मी बरीच वर्षं जाहीर भाषणांतून खोटं सांगत आलो. आता वय झालं. ज्यांनी मठपतींना पाहिलं नाही, त्यांच्यापर्यंत माझंच खोटं पोचलेलं असणार, म्हणून हे लिहितो आहे.

तो काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. आमच्या धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. त्याआधी रोजगार कार्यालयाचं कार्ड म्हणजे नोकरीच्या रांगेतली जागा होती. एखाद्या खात्यात जागा निघाली की खातं कार्यालयाकडे नावं मागायचं, कार्यालय नोंदणीच्या क्रमानं नावं पाठवायचं. पाच-सात वर्षांनी का होईना, बोलावणं यायचं. सोयरीक जुळवताना मुलाचा बाप जमिनीबरोबर 'पोरानं कार्ड काढलंय' हेही सांगायचा. मग दिल्लीत नवं धोरण आलं. बाजार खुला झाला, सरकारी भरती आटत गेली, खासगी कंपन्या जाहिरात देऊन परस्पर माणसं घेऊ लागल्या. कार्यालयाकडे नावं मागणारे लखोटे येईनासे झाले. रांग मात्र वाढतच होती, कारण ती पुढं सरकत नाही हे तिच्यातल्या कुणाला सांगायचंच नाही असा रिवाज होता. मठपतींनी तो मोडला.

पुढं कधीतरी वरून हुकूम आला आणि दारावरच्या पाटीवर 'स्वयंरोजगार' हा शब्द वाढला. मठपती पाटीकडं बघून म्हणाले, "धोरणाचा उपयोग झाला म्हणायचा. पाटी रंगवणाऱ्याला काम मिळालं."

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होतो आणि सुशिक्षित बेरोजगार संघटनेचा अध्यक्ष होतो. पगारी माणूस बेरोजगारांचा अध्यक्ष कसा, असं पोरं माझ्या माघारी हसून विचारत. पण संघटना चालवायला वेळ लागतो, आणि तो आमच्या गावात मास्तरांकडंच होता. कार्यालयाचा साहेब पोरांना तोंडावर 'नोकरी नाही' म्हणतो, हे कळल्यावर माझं रक्त उसळलं. मी मोर्चा काढला. 'नोकरी द्या, नाहीतर खुर्ची सोडा' अशी घोषणा मीच बांधली होती.

घोषणा ऐकून मठपती बाहेर आले. हातात खरोखरच खुर्ची होती. ती त्यांनी पायरीवर ठेवली आणि मला म्हणाले, "घ्या अध्यक्ष. न्या खुर्ची. पर तिचा पाय ढिला झालाय, जपून बसा. का तुमच्यात कुणी नीट करणारा हाय?"

मोर्चात हशा पिकला. मी रागानं लाल झालो. तेवढ्यात मागून महादेव नावाचा मुलगा पुढं आला. बी.ए. झालेला, माझाच जुना विद्यार्थी. त्यानं खुर्ची उलटी केली, अंगणातला दगड घेतला, पाचर ठोकली आणि खुर्ची सरळ उभी केली.

"कुठं शिकलास रे?" मठपतींनी विचारलं.

"शिकलो न्हाय साहेब. घरात आहे. वडील बैलगाड्या बनवायचे."

"मग कार्डावर का न्हाय लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं?" महादेव लाजून म्हणाला. "तिथं शिक्षण विचारतेत."

मठपती माझ्याकडं वळले. "अध्यक्ष, मोर्चे काढा. नोकरी मागणं चूक न्हाय, ती द्यायचं सरकारनंच कबूल केलं होतं. पर मागायला जाताना पोरांचे हात रिकामे कशाला?" मी घोषणा आणखी दोन दिल्या.

त्यानंतर त्यांनी सुरू केला तो मोडक्याचा बाजार. आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं शहरात येत. मठपतींनी बाजारात फिरून तोंडी निरोप दिला, 'ज्याचं काही मोडलंय त्यानं ते घेऊन कचेरीच्या लिंबाखाली यावं.' पहिल्या बाजाराला एक कुकर आणि एक कंदील आला. मग जळलेल्या पाणबुडी मोटारी आल्या, शिलाई यंत्रं आली, रेडिओ, पिठाच्या गिरणीचे पट्टे, एकदा तर बँडवाल्याचा पिचलेला कर्णा आला. नोंदणीला आलेल्या पोरांपैकी ज्याला जे येतं ते तो करी. न येणाऱ्याला मठपती गावातल्या एखाद्या जुन्या कारागिराच्या शेजारी बसवत. त्यांना स्वतःला यातलं काही येत नसे. स्क्रू कुठल्या बाजूनं पिळायचा हेही पोरं त्यांना सांगत, आणि ते कौतुकानं ऐकत.

त्यांची खरी कला वेगळी होती. माणसाला काय येतं हे त्याच्याकडून काढून घ्यायची. एकदा तेरखेड्याचा एक मुलगा आला. 'काहीच येत नाही' म्हणून मान खाली घालून बसला. मठपतींनी गाव विचारलं. तेरखेडा म्हणताच त्यांचे डोळे चमकले.

"फटाक्याच्या कामाला जात होतास?"

"व्हय. चार साल."

"आन् म्हणतोस काही येत न्हाय? जिथं एक ठिणगी चालत न्हाय तिथं चार साल काम केलंस. तम्मा, तुझ्याएवढा सांभाळून हात लावणारा माणूस मला गावात दुसरा दाखव." त्याला त्यांनी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडं बसवलं. पुढं बायका त्याचंच नाव घेऊन शेगडी पाठवू लागल्या.

हे सगळं मला बघवत नव्हतं. माझ्या रागात अगदीच तथ्य नव्हतं असं आजही मी म्हणणार नाही. सरकारनं शिकवलं, आशा लावली, आणि आता पदवीधराच्या हातात पाना देऊन मोकळं होतंय, असं मला वाटे. हे मी मठपतींना एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. सरकारला सोडू नका. पर मी सरकारकडनं पगार घेतो अध्यक्ष. पगार घेऊन पोरांना 'थांबा, येईल' म्हणायचं, ते मला जमत न्हाय. थांबण्यात त्यांची वर्षं जातेत, माझी न्हाय."

यावर वाद घालायला हवा होता. मी वेगळंच केलं. संघटनेचं शिष्टमंडळ घेऊन औरंगाबादला गेलो आणि वरच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की इथला साहेब पदवीधरांना अपमानित करतो, कचेरीचं गॅरेज झालंय, ग्रीसचा वास येतो. ग्रीसचा वास मी मुद्दाम रंगवून सांगितला. उन्हाळ्याच्या आत मठपतींची बदली विदर्भात झाली. आम्ही शिष्टमंडळातल्यांनी आपसांत गुपचूप पेढे वाटले.

ते गेल्यावर पहिल्याच बाजाराला महादेव आणि दहा-बारा पोरं माझ्या घरी आली. "सर, लिंबाखाली लोक मोटारी घेऊन बसलेत. कचेरीत कुणी उभं करत न्हाय. आता काय करायचं?" मी त्यांना शाळेचं मैदान दिलं. पुढच्या बाजाराला तिथं फलक लागला. त्यावर संघटनेचं नाव होतं आणि खाली माझं. बाजार वाढला. काही वर्षांनी स्टँडच्या मागं पोरांच्या गाळ्यांची ओळ उभी राहिली. महादेवचं फर्निचरचं मोठं दुकान झालं. वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. मी गावोगाव भाषणं देऊ लागलो, आणि भाषण रंगायला कुणीतरी वाईट माणूस लागतो म्हणून सांगू लागलो, "एक अधिकारी होता, पोरांना 'नोकरी नाही' म्हणून दारातूनच हाकलायचा. तेव्हा मी ठरवलं..." यातल्या पहिल्या वाक्यातून 'चहा आहे, आत या' एवढं मी कापलं होतं आणि दुसरं पूर्ण खोटं होतं. टाळ्या दोन्हींना पडत.

निवृत्त झाल्यावर मठपती जवळच्याच येडशीला येऊन राहिले आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नीला तिथल्या रामलिंगाच्या देवळाभोवतीच्या रानाची हवा मानवायची म्हणून त्यांनी तिथं छोटं घर बांधलं होतं. एका श्रावणात मी रामलिंगाला गेलो, तर पायऱ्यांवर एक म्हातारा माकडाशी भांडत होता. माकडानं त्यांची खोबऱ्याची वाटी पळवली होती. "अरे, अर्धी तरी दे!" ते ओरडत होते. मग मला बघून थांबले, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं हसले. "या अध्यक्ष! इथं पण मोर्चा?"

त्या दिवशी ते मला घरी घेऊन गेले. नंतर मी दर पंधरवड्याला जाऊ लागलो. कधी रेल्वेनं, कधी एसटीनं. स्टेशनवर ते घ्यायला येत आणि गाडीतून उतरलेल्या अनोळखी माणसांशीही गप्पा मारत. कुणी कामासाठी पुण्याला निघालेला पोरगा दिसला की त्याला विचारत, "तुला येतं काय?" म्हातारपणात इतका बरा सोबती मला दुसरा मिळाला नसता. आणि प्रत्येक वेळी परतताना मी ठरवत असे की पुढच्या खेपेला सगळं सांगायचं.

एकदा मी सांगून टाकलं. औरंगाबाद, ग्रीस, भाषणं, सगळं. मठपती शेंगा सोलत होते.

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "तुमचं भाषण ऐकलंय म्या. लातूरला. मागच्या रांगेत होतो. फक्कड बोलता. मला माझाच राग आला होता."

ते हसले, मीही सुटल्यासारखा हसलो. पण त्यांच्या पत्नी गिरिजावहिनी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"ह्यांना हसू येतं सर," त्या म्हणाल्या. "बदली झाली तेव्हा पोरीचं दहावीचं वरीस होतं. दोन बिऱ्हाडं केली आम्ही. त्याचंबी काही न्हाय. पर उस्मानाबादेत माझी सख्खी बहीण मला विचारती, तुझ्या नवऱ्यानं पोरांना हाकलून दिलं म्हणत्यात, खरं का? ह्यांच्या देखत एकदा चारचौघांत खरं सांगा. मी दुसरं काही मागत न्हाय."

"गिरिजा, जाऊ दे," मठपती म्हणाले.

"तुम्ही शेंगा सोला," वहिनी म्हणाल्या.

मी शब्द दिला. संधीही लवकरच आली. गाळेवाल्यांनी माझा मोठा सत्कार ठरवला. पुढाकार महादेवचा होता. मी त्याला अट घातली की येडशीहून मठपतीसाहेब आणि वहिनींना गाडी पाठवायची आणि पहिल्या रांगेत बसवायचं. "ते येतील व्हय आपल्याकडं?" महादेवनं विचारलं, मग तयार झाला.

शाल, श्रीफळ, फेटा झाला. मी उत्तराला उभा राहिलो. मी म्हणालो, "हा सत्कार माझा नाही. मोडक्याचा बाजार मी सुरू केला नाही. तो समोर बसलेल्या मठपतीसाहेबांनी सुरू केला. कल्पना त्यांची, मेहनत त्यांची. मी फक्त मागून आलो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. कार्यक्रमाचे अध्यक्ष म्हणून आलेले पुढारी माइकवर म्हणाले, "बघा, याला म्हणतात मोठेपणा! केलं सगळं सरांनी, आणि श्रेय एका सरकारी अधिकाऱ्याला देतात!" आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. मठपतींना कुणीतरी एक नारळ दिला.

आपल्याकडं सत्काराच्या उत्तरात माणसानं असंच बोलायचं असतं. प्रत्येक सत्कारमूर्ती म्हणतो, हे माझं नाही. मी खरं बोललो ते नेमकं त्या जागी, जिथं ते खरं म्हणून ऐकायची कुणाला सवयच नव्हती. पहिल्या रांगेत मठपती नारळ मांडीवर घेऊन इतके हसत होते की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

येडशीला परत सोडायला मी गाडीत बरोबर गेलो. मठपती म्हणाले, "अध्यक्ष, तुम्ही खोटं बोला न्हायतर खरं, हार तुमच्याच गळ्यात. नशीब लागतं त्याला!"

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "सर, तुम्ही ह्यांनी काय केलं ते सांगितलं. तुम्ही काय केलं ते कुठं सांगितलं?"

त्यांचं बरोबर होतं. श्रेय मी दिलं होतं, पण औरंगाबादला गेलो होतो हे गिळलं होतं. श्रेय देणारा माणूस लोकांना आवडतो. माझा हिशेब तिथंच चुकला होता, किंवा तिथंच बरोबर बसला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गाळ्यांवर गेलो. फेटा नाही, माइक नाही. महादेवच्या दुकानात सहा-सात जुनी पोरं जमली होती. आता त्यांचेही केस पिकलेले. मी उभ्यानंच सांगितलं, "साहेबांची बदली झाली नव्हती, मी करवली होती. औरंगाबादला जाऊन. तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्हाला मी सांगितलं होतं की त्यांनीच बदली मागून घेतली."

समोरच्या गाळ्यात मोटारीचा पंखा फिरवून बघत होते, तो आवाज तेवढा येत होता. महादेव रंध्याला हात लावून उभा होता.

"म्हणजे साहेब आपल्याला टाकून गेले न्हवते?" तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"आन् इतकी वर्षं आम्ही..." त्यानं रंधा बाजूला ठेवला. "सर, तुम्ही आता जा."

मी गेलो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या खोट्यानं मठपतींचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त या पोरांचं केलं होतं. आपल्याला कुणीतरी सोडून गेलं, असं मनात धरून ती वाढली होती.

त्या वर्षापासून मला सत्काराची बोलावणी आली नाहीत. महादेव रस्त्यात भेटला तर नमस्कार करी, पण थांबत नसे. मला त्याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, हलकंही वाटलं. तिकडं येडशीत वेगळीच तऱ्हा झाली. रविवार आला की गाळ्यांवरची पोरं, त्यांच्या बायका, मुलं साहेबांकडं जाऊ लागली. मी गेलो की वहिनी तक्रार करायच्या, "काय वैताग हाय बघा! घरात एक वस्तू नीट मोडू देत न्हाईत. मिक्सर, नळ, दाराची कडी, परवा तर चांगला पंखा उघडून बसले!" तक्रार करताना त्यांचा चेहरा असा फुललेला असे की मी तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा विचारायचो.

मठपती त्या गर्दीत मधोमध बसलेले असत. एका रविवारी महादेवचा मुलगा तिथं होता, इंजिनिअर होऊन घरी बसलेला. मुलाखती देऊन थकला होता. मठपतींनी त्याला काही उपदेश केला नाही. म्हणाले, "तम्मा, तुझ्या बापाच्या वेळी सरकार म्हणत होतं थांबा. तुझ्या वेळी बाजार म्हणतोय धावा. दोघांचं ऐकू नको. तू चाल."

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मठपती लिंगायत जंगम, आणि त्यांच्यात मृताला बसवून नेतात, म्हणून त्यांना बसवून फुलांनी सजवलं होतं. चेहरा असा होता की आता कुणाला तरी काहीतरी विचारतील. मी वयानं मोठा आणि जुना स्नेही, म्हणून कुणीतरी सवयीनं माझ्यासाठी पुढं सतरंजीवर जागा केली. मी बसायला लागलो, तेवढ्यात वहिनींनी वर बघितलं. डोळे रडून सुजलेले होते, पण आवाज स्थिर होता.

"सर, तुम्ही मागं बसा. पुढं ही पोरं बसू द्यात."

मी उठलो. महादेव उभा होता, त्याला मी माझ्या जागी बसवलं. बसताना त्यानं माझा हात क्षणभर धरून ठेवला, मग सोडला. मी सगळ्यांच्या मागं, कुंपणाला टेकून बसलो. कुणी माझ्याकडं वळून बघत नव्हतं. तिथून मठपतीसाहेब मला अगदी नीट दिसत होते.